संदेश पोहोचतो, पण जसाच्या तसा नाही

रक्तातील ऑक्सिजन घटल्याचा संदेश मेंदू कसा हाताळतो, या विषयाचा अभ्यास नव्याने सुरू करताना मेंदूस्तंभाला (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला) केवळ टपाल पोहोचवणारे केंद्र समजू नका. माझ्या मते नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक तीच असते. कॅरोटिड पिंडातील (मानेतील धमनीजवळच्या इवल्याशा पिंडातील) पेशी धमनीरक्तातील ऑक्सिजनचा दाब घटल्याचे ओळखतात, आणि हा दाब सुमारे 60 मिमी पाऱ्याखाली गेला की नवव्या मस्तिष्क चेतेतून जाणारे आवेग झपाट्याने वाढतात. महाधमनीजवळच्या पिंडांचे संदेश दहाव्या चेतेतून येतात. खरी प्रक्रिया मात्र लंबमज्जेतील, म्हणजे मेंदूस्तंभाच्या खालच्या भागातील, न्यूक्लियस ट्रॅक्टस सोलिटेरियस या चेतापेशींच्या समूहात घडते, कारण तेथे ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाने पुढे नेलेला संदेश गाबासारख्या शामक रसायनांमुळे दबतो किंवा बदलतो, आणि मगच श्वसनाच्या व अनुकंपी चेतांच्या (हृदयगती व रक्तदाब वाढवणाऱ्या चेतांच्या) केंद्रांकडे जातो. म्हणून आकृती काढताना तेथील त्या पहिल्या चेतासंधीपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडापाशी, आवर्जून थांबा.