‘समजलं ना?’ असं विचारू नकोस

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू अर्धा तास बोललास आणि त्यात पुण्यातल्या तुझ्या टीमबद्दल ‘ते लोक’ हे शब्द मी निदान दहा वेळा ऐकले. ते लोक काही विचारत नाहीत, सगळ्याला हो म्हणतात, चार ओळींचा मेल त्यांना कळत नाही. आठ महिन्यांपूर्वी तू हिंजवडीत त्यांच्याच ओळीत बसत होतास. तेव्हा तुझी तक्रार होती की ऑनसाइटवाले, म्हणजे तिकडे क्लायंटकडे बसणारे आपलेच लोक, धड काही सांगत नाहीत. दोन्ही वेळा तू मनापासूनच बोललास, म्हणून फोनवर गप्प राहिले आणि आता सविस्तर लिहायला बसले आहे.

तू अमेरिकेत कोलंबसला क्लायंटच्या ऑफिसात बसतोस. रिपोर्ट उघडायला वेळ लागला की त्या मॅनेजर बाई कॉफी आणायला उठतात, हे तुला दिसतं. त्यांना तो रिपोर्ट महिनाअखेरीलाच का लागतो, हे तू जेवताना ऐकलेलं असतं. पुण्याला यातलं काहीच पोचत नाही. तिथे पोचतात तुझ्या चार ओळी. एवढ्या भांडवलावर त्या मुलांनी काम करायचं असतं.

२००६ साली मीही तुझ्यासारखीच अमेरिकेत, हार्टफर्डला होते. आयुर्विम्याचं काम होतं, हप्ता वयावरून काढायचा. कागदावर लिहिलेलं होतं ‘एज’. तिथली कंपनी शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं वय धरायची. पुण्यातल्या मुलांनी सगळ्यात जवळच्या वाढदिवसाचं धरलं, कारण आपल्याकडे विम्यात तसंही धरतात आणि टीममधल्या एकाने आधी तसलंच काम केलेलं होतं. म्हणजे ३४ वर्षं ७ महिन्यांचा माणूस क्लायंटच्या लेखी ३४ चा आणि आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी ३५ चा. ज्यांचा वाढदिवस होऊन सहा महिने उलटले होते, त्या सगळ्यांचा हप्ता चुकला. टेस्टिंगचे तीन आठवडे संपत आले तेव्हा हे बाहेर आलं.

कॉलवर मी विचारलं होतं, ‘समजलं ना सगळं?’ चौघांनी ‘हो’ म्हटलं होतं. त्यांच्यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. वय म्हणजे काय हे कुणाला कळत नाही? माझा प्रश्नच असा होता की त्याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर नव्हतं. ‘३४ वर्षं ७ महिन्यांच्या माणसाचं वय तुमचा प्रोग्रॅम किती काढेल?’ एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. त्यानंतर प्रत्येक कामासोबत निदान एक उदाहरण मी स्वतःच्या हाताने सोडवून पाठवायला लागले, आणि तेही काठावरचं, जिथे माणूस चुकू शकतो असं. सरळ उदाहरणातून दोघांच्या डोक्यात काय वेगळं आहे ते कळत नाही.

आता तुझ्या टीममधल्या त्या नवीन मुलीचं. ती सगळ्याला ‘बघते’ म्हणते, याचा तुला राग येतो. अरे, ‘बघतो’ आपण सगळेच म्हणतो. त्याचा अर्थ ‘करतो’ होतो, ‘वेळ मिळाला तर करतो’ होतो, ‘मला कळलेलं नाही पण आत्ता नको’ होतो आणि ‘जमणार नाही, पण तोंडावर कसं सांगू’ असाही होतो. समोरासमोर असताना चेहऱ्यावरून अर्थ कळतो, हेडफोनमधून कळत नाही. म्हणून ‘बघते’वर फोन ठेवू नकोस. ‘यात सगळ्यात अवघड काय वाटतंय?’ असं विचार आणि मग गप्प बस. पाच-सहा सेकंद शांतता राहील. ती तू भरून काढू नकोस, तिला बोलू दे.

आणि ज्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही’ म्हणेल, त्या दिवशी फार सांभाळून वाग. तुझा आवाज चढला तर ऐकणारे बाकीचे सातजण पुढचं वर्षभर शुक्रवारलाच हो म्हणतील. तिथे ‘बरं झालं आज सांगितलंस’ म्हण, आणि तसं मनापासून वाटूही दे, कारण ते खरंच बरं झालेलं असतं. आजचा नकार तू क्लायंटला समजावू शकतोस. शुक्रवारी रात्री आलेला नकार कसा समजावणार? चूक दाखवायची तर एकेकट्याला फोन करून दाखव. क्लायंटला सीसीमध्ये ठेवून आपल्या माणसाची चूक मेलवर लिहायची नाही, कितीही डोकं फिरलेलं असलं तरी नाही. कौतुक मात्र नाव घेऊन, सगळ्यांना दिसेल असं लिही. मॅनेजर बाईंनी तुझी पाठ थोपटली तेव्हा त्या कामातली क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारा कोड, कुणी लिहिली होती, हे तू त्यांना सांगितलंस का?

वेळेचं गणित तुला पाठ आहे असं तू म्हणतोस, तरी लिहिते. सध्या पुणं तुझ्या साडेनऊ तास पुढे आहे. बुधवारी संध्याकाळी सहाला तू ‘उद्या सकाळी हवं’ असं लिहितोस तेव्हा पुण्यात गुरुवारचे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. मुलं तो मेल गुरुवारी वाचतात आणि ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार समजतात. ‘आज’, ‘उद्या’, ‘ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेर) हे शब्द मेलमधून काढूनच टाक. वार, तारीख, वेळ आणि कुठली वेळ, एवढं लिही. तारखेत महिना अक्षरांत लिही. ०४/०५ हा तुझ्या शेजारच्या टेबलावर पाच एप्रिल असतो आणि हिंजवडीत चार मे.

त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातील. आपल्याकडे घड्याळं हलत नाहीत, त्यामुळे तुझा सकाळी दहाचा कॉल पुण्यात साडेसातऐवजी साडेआठला येईल. तासाभराने काय बिघडतं, असं तिकडे बसून वाटतं. इथे ऑफिसची बस निघून गेलेली असते, भूमकर चौकात गाड्या तुंबलेल्या असतात आणि कुणाचं तरी लहान मूल घरी वाट बघत असतं. आत्ताच क्लायंटशी बोल आणि कॉल नऊवर घे, म्हणजे इथे साडेसातच राहतील. त्यांना एक तास लवकर बसायला लागेल, आणि ते बसतात. विचारायला हवं, आणि विचारण्याच्या जागी आज तू आहेस.

सुट्ट्यांचं तुला वेगळं सांगत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायचं काम, येऊ देऊ नकोस, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं हे इकडच्यांना आधीच कळवून ठेव.

भाषेबद्दल मात्र बोलायचं आहे, कारण दोन्हीकडचं ऐकू येणारा तिथे तू एकटाच आहेस. शाळेत बाई विचारायच्या, ‘काही शंका?’ तीच शंका आपण इंग्रजीत नेली आणि आपली मुलं भाबडेपणाने लिहितात, ‘आय हॅव अ डाउट’. अमेरिकन माणसाला ते आपल्यावरच्या अविश्वासासारखं लागतं. ‘रिव्हर्ट’चं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुण्यातून मेल गेला, ‘या बदलाबद्दल प्लीज रिव्हर्ट’. आपल्या लेखी त्याचा अर्थ उत्तर द्या. तिकडच्या डेव्हलपरने तो बदलच मागे घेतला, कारण कोडमध्ये रिव्हर्ट म्हणजे तेच. आमच्या टीमची दोन दिवसांची मेहनत सोमवारी परत चढवावी लागली. असलं काही दिसलं तर हसू नकोस आणि परस्पर दुरुस्तही करू नकोस. लिहिणाऱ्याला प्रेमाने एकदा सांग, पुन्हा होत नाही.

आणखी एक. टीममध्ये चेन्नईचा एक आणि पाटण्याची एकजण आहे, असं तू म्हणालास. मग कॉलवर मराठीत शिरू नकोस. मराठीत दोन वाक्यं झाली की ती दोघं खोलीबाहेर गेल्यासारखी होतात. एकट्याशी बोलताना मात्र मराठीत बोल. अडलेलं माणूस आपल्या भाषेत लवकर बोलतं.

आता तुझा तो चार ओळींचा मेल. ‘रिपोर्ट स्लो आहे, लवकर बघा.’ पुण्यात सकाळी अकराला कुणी विचारलं की ‘कुठला रिपोर्ट?’, तर तुझ्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. तुझं उत्तर येईपर्यंत त्यांची संध्याकाळ होते. म्हणजे तू न लिहिलेल्या एका शब्दाने एक अख्खा दिवस खाल्ला. त्यापेक्षा असं लिही: कुठला रिपोर्ट, कुणी कुठली तारीख टाकून उघडला, किती सेकंद लागले, आधी किती लागायचे, क्लायंटला किती चालतील. स्क्रीनचा फोटो जोड. आणि शेवटी हे लिहायला विसरू नकोस की माझ्याशी बोलणं झालं नाही तर अमुक धरून पुढे जा, चुकलं तर जबाबदारी माझी. हे शेवटचं वाक्य वाचून माणसं किती मोकळेपणाने काम करतात, ते तू पाहशील. मी ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा इकडच्या लीडने फोन करून विचारलं होतं, ‘मॅडम, खरंच ना?’

तो मेल या सूचना धरून पुन्हा लिही आणि पाठवण्याआधी त्या ‘बघते’ म्हणणाऱ्या मुलीला फोन करून वाचून दाखव. काय करायचं आहे ते तिच्या शब्दांत तिला सांगू दे. ती काय म्हणाली ते मला रविवारी सांग. तुमच्या सकाळी साडेनऊला फोन कर, म्हणजे इथे सात वाजलेले असतील आणि माझं फिरून झालेलं असेल.

तुझी,
मावशी