बटण कधी दाबायचं, हे कोण शिकवतं?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. मुलगी बारावीत आहे, पीसीएमबी घेतलंय. गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांचा ठाणे-बेलापूर रोडवर बाइकचा अपघात झाला. डोक्याला मार लागून उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी आला, हाताची मूठ मात्र मिटलेलीच आहे. फिजिओथेरपीला हाताला करंट लावतात, मग बोटं उघडतात. मुलगी आठवड्यातून तीनदा मामाला तिथे घेऊन जाते आणि आता म्हणते, मला हेच करायचंय. आम्ही तिला इंजिनिअर करायचं ठरवलं होतं. एवढं शिकून लोकांना मालिश करायची का? खरं सांगायचं तर त्या मशीनचं सर्किट काही अवघड नसणार, मी घरीसुद्धा बनवीन. त्यासाठी एवढ्या वर्षांची डिग्री कशाला? सोबत तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवतोय. अभ्यास सोडून हे लिहीत बसते.

उत्तर : नमस्कार. तुमचं मशीनबद्दलचं वाक्य वाचून मी आधी फोनच उचलणार होते. कृपा करून ते घरी बनवू नका. तुम्हाला ते जमेल, याचीच मला जास्त काळजी वाटली.

तुमच्या पॅनेलमधला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियर गळतीला ट्रिप होतो, आणि तो तसा का ठेवलेला असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. फिजिओथेरपीचा स्टिम्युलेटर ४० मिलिअँपियरवरही सहज जातो. मग मेहुणे सुखरूप कसे? कारण तो करंट सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका साधारण ३०० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला असे चाळीसेक ठोके. गुणाकार करून बघा, सरासरी अर्ध्या मिलिअँपियरच्या आत येते. शिवाय दोन्ही पॅड एकाच हातावर, जवळजवळ लावलेले, त्यामुळे प्रवाह छातीतून जात नाही. आणि पेशंटला जोडलेली बाजू मेनपासून पूर्ण अलग केलेली असते. इथवरचं तुम्ही कदाचित जमवालही. पण जेल वाळलं किंवा पॅडची एक कड उचलली गेली, की सगळा प्रवाह उरलेल्या कडेत एकवटतो आणि कातडी भाजते. तुम्ही-आम्ही लगेच हात झटकू. मेंदूला मार लागलेल्या माणसाला त्या हाताला चटका कळेलच असं नाही. मेहुण्यांना तिथे स्पर्श किती कळतो, अपघातानंतर कधी फिट आली होती का, पेसमेकर आहे का, हे सगळं मशीन लावण्याआधी कोणीतरी तपासलेलं आणि विचारलेलं असतं. डिग्रीतली काही वर्षं त्यातच जातात.

आता मालिशबद्दल. तुमच्याच भाषेत सांगते. मेहुण्यांच्या हातातली मोटर जळालेली नाही. शेवटच्या बोर्डापासून मोटरपर्यंतची वायरही शाबूत आहे, म्हणजे मणक्यातून निघून स्नायूपर्यंत जाणारी नस. बिघाड वर मेन पॅनेलमध्ये आहे. स्टिम्युलेटर त्या शाबूत वायरला मध्येच सिग्नल देतो, म्हणून बोटं उघडतात. करंट थेट स्नायूला देतात असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात नस आधी जागी होते आणि ती स्नायूला हलवते. नसच तुटलेली असती तर हे छोटे ठोके पुरले नसते, फार लांब ठोके द्यावे लागले असते आणि सगळा हिशेबच बदलला असता. कुठली केस कुठली, हे मशीन सांगत नाही.

डायल वाढवला की फायदा वाढतो, असंही नाही. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा शरीर आधी छोटे, न थकणारे तंतू कामाला लावतं आणि गरज पडली तरच मोठे. बाहेरून दिलेला करंट हा क्रम पाळत नाही. मोठे, लवकर दमणारे तंतूही तो सुरुवातीपासूनच ओढतो, आणि सगळ्यांना एकदम. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत हात गळून जातो.

आणि आता ती वही. फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. तीन रकाने आहेत : तारीख, नंबर, बोटं उघडली का. (ताई म्हणजे तिथल्या थेरपिस्ट.) एका दिवशीच्या नोंदीपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ताई म्हणाल्या उघडा. आधी मामाचा खांदा हलला. मग ताईंनी स्विच दाबला.’ त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी : ‘ताई रजेवर. मशीन ऑटोवर लावून ठेवलं. बोटं उघडली, पण मामा टीव्ही बघत होता.’

साहेब, या उपचाराचं मर्म त्या दोन ओळींत आहे, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नाही. बोटं दोन्ही दिवशी उघडली. ऑटोवरच्या दिवशी स्नायूला व्यायाम झाला, सांधा आखडायचा थोडा वाचला, तेही वाया गेलं असं नाही. पण मेंदूने त्यात भाग घेतला नाही. पहिल्या दिवशी मेहुण्यांनी जोर लावला, खांदा हलला तो त्यामुळेच, त्यांचा मेंदू ‘उघड’ म्हणत होता, आणि नेमक्या त्या क्षणी हात खरोखर उघडला. मेंदूचा उरलेला भाग नवी वाट शोधतो तो अशा जुळून आलेल्या क्षणांतून, आणि असे क्षण शेकड्यांनी यावे लागतात. काही मशीनांमध्ये स्नायूतला क्षीण सिग्नल वाचूनच करंट सोडायची सोय असते. ती नसेल तिथे थेरपिस्टची नजर आणि बोट हेच काम करतं.

करंट नेमका कधी सोडायचा, हा प्रश्न जुनाच आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉ. व्लादिमिर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊल लोंबकळणाऱ्या पेशंटसाठी एक उपकरण केलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जी नस वरवर असते तिच्यावर पॅड, आणि बुटाच्या टाचेत स्विच. पेशंटने टाच उचलली की करंट सुरू, पाऊल वर. टाच टेकली की बंद. करंट देणं तेव्हाही नवीन नव्हतं, गॅल्वनीने बेडकाचे पाय अठराव्या शतकातच हलवले होते. नवीन होता तो टाचेतला स्विच.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, लकव्यानंतर हात अधू राहिलेल्यांसाठी एका उपचाराला मान्यता दिली. गळ्यापाशी व्हेगस नावाच्या नसेला वायर जोडायची आणि छातीत छोटं यंत्र बसवायचं. पेशंट डबा उचलायचा, वळवायचा सराव करतो आणि थेरपिस्ट नेमक्या वेळी बटण दाबतो, अर्ध्या सेकंदाचा करंट जातो. १०८ जणांवर जी चाचणी झाली, तिच्यातही सहा आठवड्यांचा सराव होताच. ऑपरेशन सर्जनने केलं, यंत्र इंजिनिअरने बनवलं, बटण थेरपिस्टच्या हातात. (मेहुण्यांसाठी हे शोधत बसू नका. ती मान्यता रक्तपुरवठा बंद पडून आलेल्या लकव्यासाठी आहे, डोक्याच्या माराला नाही. या विषयातलं बरंचसं संशोधन लकव्याच्या पेशंटवरच झालंय.)

आता कोर्स. फिजिओथेरपीची पदवी आपल्याकडे बी.पी.टीएच. म्हणून ओळखली जाते. प्रवेश नीटवरून, राज्याच्या सीईटी सेलमार्फत. एमएचटी-सीईटीचे मार्क तिथे चालत नाहीत, हे दरवर्षी कोणाला तरी जूनमध्ये कळतं आणि ते रडत माझ्याकडे येतात. आतापर्यंत चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती, नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षाची करून एकूण पाच केली आहेत. मुंबईत केईएम, नायर आणि सायन ही महापालिकेची कॉलेजं, फी कमी आणि पेशंट उदंड. तुमच्या बाजूला नेरूळला तेरणा आणि डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम. ऐरोलीहून नेरूळ ट्रान्स-हार्बरने सरळ आहे, पण यादी जवळच्या स्टेशनवरून करू नका. डी. वाय. पाटील आणि एमजीएम अभिमत विद्यापीठांची आहेत, त्यांची फी वेगळी, ती पाहून बसूनच हिशेब करा. कॉलेज बघायला जाल तेव्हा एकच गोष्ट बघा : त्यांच्या स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूचे पेशंट किती येतात. इमारत चकाचक आणि ओपीडी रिकामी असेल, तर मुलगी शिकणार कोणावर?

बी.ओ.टीएच., म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हिचं नाव तुमच्या पत्रात नाही. कोणाच्याच पत्रात नसतं. मूठ उघडल्यावर त्या हाताने शर्टाचं बटण कसं लावायचं, भाकरी कशी मोडायची, हे त्यांचं काम. प्रवेशाची वाट तीच. मेहुण्यांच्या हातावर पुढे कदाचित याच लोकांची जास्त गरज लागेल, आणि मुलीने एकदा त्यांच्या ओपीडीतही बसून यावं. आणखी एक वाट : एमबीबीएस करून फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये एमडी. लांब आहे, पण ‘डॉक्टरच’ व्हायचं असेल तर ही शाखा आहे. नावापुढे डॉ. लागेल म्हणून मात्र फिजिओथेरपी घेऊ नका, त्यावर वाद चालू आहेत आणि चालूच राहतील.

तुमच्या मनातलं इंजिनिअरिंग यात बसतं का? बसतं. बायोमेडिकल इंजिनिअरिंग. पण इथे मी एकदा तोंड पोळून घेतलंय. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी एका कॉलेजचं बायोमेडिकल सुचवलं, माहितीपत्रकातला प्लेसमेंटचा आकडा वाचून. कोणत्या कामाची प्लेसमेंट, हे विचारलंच नाही. मुलगा हाताने काहीतरी बनवणारा होता, आणि पहिली तीन वर्षं त्याने हॉस्पिटलांत मशीन विकत घालवली. विक्रीत कमीपणा नाही, त्याला ती नको होती एवढंच. तेव्हापासून मी म्हणते, पदवी इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची घ्या, पाया पक्का करा, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन बायोमेडिकलमध्ये एम.टेक. करा. पवईला आयआयटीत ते आहे, तिथेच वैद्यकीय उपकरणं घडवणारं बेटिक नावाचं केंद्रही आहे. ऐरोली पुलापलीकडे.

पगाराचं लपवत नाही. फिजिओथेरपीत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, तिच्या इंजिनिअर मैत्रिणींपेक्षा कमी. एमपीटीएचला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर कोर्सला, न्यूरो घेतलं, हात बसला, की चित्र बदलतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून आज घरी येऊन उपचार करणाऱ्यांना मागणी आहे. पण तोवरची काही वर्षं घराने आधार द्यावा लागेल. तुम्ही द्याल का, हा प्रश्न तिला विचारायचा नाही, तुम्हा दोघांना एकमेकांना विचारायचा आहे.

एक गोष्ट थेट मुलीसाठी लिहिते, तिला वाचून दाखवा. बाळ, मामाला बरं करायचं म्हणून हे निवडत असशील तर थांब. तुझी डिग्री होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातील आणि मामाच्या हाताला वेळ आत्ता हवा आहे. तो त्याच्या ताईंचा पेशंट आहे, तू त्याची भाची आहेस. हात पूर्ण नाही उघडला तर ते तुझं अपयश नसेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण या क्षेत्रात येणाऱ्या निम्म्या मुलींच्या घरात असा एक मामा असतो. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर ताईंच्या परवानगीने ओपीडीत बस. मामाचे नसलेले पेशंट बघ. चिडचिडे, वास येणारे, तोच व्यायाम चाळीसाव्यांदा चुकवणारे. पाचव्या दिवशीही कोणाचा खांदा आधी हलतो हे तुला दिसत असलं, तर कळव. त्याऐवजी पॅडची वायर सारखी का निसटते यातच जीव अडकला, तर तेही कळव. वाईट काहीच नाही त्यात.

फॉर्मचं म्हणाल तर नीट आणि एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुप, दोन्ही भरा. चार विषय आहेतच, आज कुठलंच दार लावायची गरज नाही.

वहीत एक चौथा रकाना आखून द्या : मामाने स्वतः किती जोर लावला, शून्य ते तीन. त्या ताईंनाही उपयोगी पडेल, त्यांना दाखवायला सांगा. आणि पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या.