वाचकांचे प्रश्न: सिनियर सिस्टर कशी असावी?

या वेळी नर्सिंगवाल्यांचे मेल बरेच आलेत, त्यातले तीन घेतलेत. तिघंही अजून ड्युटीवर आहेत म्हणून नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आणि आता नाशिकला एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागलेय. ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती) घेताना काही विचारलं की एक सिनियर सिस्टर नातेवाइकांसमोरच बोलतात, "तीन वर्षं कॉलेजात काय केलंस?" आता मी विचारणंच बंद केलंय, रात्री गुपचूप मोबाइलवर शोधते. बाकीच्या म्हणतात आम्ही पण असंच शिकलो. खरंच असंच शिकायचं असतं का?

नाही गं. "आम्ही पण असंच शिकलो" म्हणणाऱ्या ओरडा खाऊनसुद्धा शिकल्या, ओरड्यामुळे नाही, आणि ज्यांना ते सहन झालं नाही त्या नोकरी सोडून गेल्या, त्यांचं कोणी मोजतच नाही. तुला जे होतंय ते नवीन नाही, अमेरिकेत मार्लीन क्रेमर या नर्सने १९७४ सालीच यावर अभ्यास करून लिहिलं आणि त्याला रिअ‍ॅलिटी शॉक म्हटलं, म्हणजे कॉलेजात शिकवलेलं एक आणि वॉर्डात चाललेलं वेगळंच, मग नवीन मुलगी गांगरते. त्यामुळे तुझ्यात काही कमी आहे असं आधी डोक्यातून काढून टाक.

पण तुझ्या मेलमधलं एक वाक्य वाचून मला खरंच काळजी वाटली, ते म्हणजे तू विचारणं बंद केलंयस. इन्सुलिनचंच घे ना. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेलं पण मिळतं आणि १०० युनिट असलेलं पण, ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. आता नाईटला घाईत १०० च्या व्हायलमधलं (बाटलीतलं) इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला १० नाही, २५ युनिट जातात! उलटं झालं, ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये, तर १० च्या जागी फक्त ४. सिरिंज बघून दोन्ही वेळा सगळं बरोबरच वाटतं. हे मोबाइलवर कळत नाही, शेजारी उभं राहून कोणीतरी हातात धरून दाखवावं लागतं, आणि जी मुलगी विचारायला घाबरते तिच्या हातून हे होतं आणि झालं तरी ती घाबरून सांगत नाही. म्हणून मी म्हणते की ज्युनिअरला चारचौघांत ओरडणं हा स्वभावाचा प्रश्न नाहीये, तो पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे.

त्यामुळे विचारायचंच. फक्त विचारताना असं म्हण, "सिस्टर, बेड चारचं इन्सुलिन, व्हायल १०० ची, सिरिंज केशरी घेतलीय, एकदा बघता का?" इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड ही औषधं दोघींनी मिळून तपासायची असतात, त्यात कमीपणा कसला? आणि त्या सिस्टरना एकदा ड्युटी संपल्यावर शांतपणे सांग की चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा, मी ऐकेन. तरी सुरूच राहिलं तर तारीख-वेळ टाकून इन्चार्जना लेखी दे.

अजून एक. प्रत्येक वॉर्डात एक तरी सिस्टर अशी असतेच जिच्याकडे सगळे अडलं की जातात. ती शोध आणि तिच्यासोबत ड्युटी मागून घे. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५ दिसतंय, सगळे निवांत आहेत, आणि ही बाई पेशंटच्या पायथ्याशी उभी राहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते आणि म्हणते डॉक्टरांना बोलवा, कारण श्वास २८ झालाय, मानेचे स्नायू ओढले जातायत, मघाशी नीट बोलत होता तो आता एकेक शब्द बोलतोय. त्या वेळी फक्त बघत बसू नकोस. नंतर विचार, "सिस्टर, तुम्हाला कशावरून कळलं?" हा एक प्रश्न तू वर्षभर विचारत राहिलीस तरी खूप शिकशील, कारण अनुभवी नर्सच्या डोक्यात काय चाललंय ते तिने बोलून दाखवल्याशिवाय बाहेर येत नाही.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) झालेय, नुकतंच प्रमोशन झालं. बॅचमेटच हाताखाली आहेत, त्या मनावर घेत नाहीत. नवीन मुली हळू काम करतात म्हणून शेवटी मीच सगळं करते, ऑफच्या दिवशी पण फोन सुरू. स्टाफ कमी असताना शिकवायचं तरी कधी?

तुमची तळमळ कळते हो, पण सगळं स्वतः करणाऱ्या इन्चार्जचा वॉर्ड ती रजेवर गेली की बसतो. ऑफच्या दिवशी फोन येतायत याचा अर्थ वॉर्डाला लागणारं सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे, ते इतरांकडे गेलेलंच नाही.

मला यात नेहमी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेस आठवतात. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे २०१५ मध्ये त्या गेल्या, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं त्यांना हॉस्पिटलच्या नर्सेसनी सांभाळलं. यात किती जणी रिटायर झाल्या असतील बघा, शेवटी शेवटी सांभाळणाऱ्या कितीतरी मुली हल्ल्याच्या वेळी जन्मल्यासुद्धा नव्हत्या. तरी २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने मुद्दाम नोंद केली की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही. आपल्याला माहितीये याच्यामागे काय असतं, वेळच्या वेळी कूस बदलणं, चादरीला सुरकुती नाही, अंग कोरडं, टाच आणि माकडहाड रोज बघणं, खाणं नीट जातंय की नाही ते बघणं. हे एका प्रेमळ बाईने केलेलं काम नाही, एका बॅचने पुढच्या बॅचला बेडजवळ उभं राहून शिकवलं आणि तिने पुढच्या बॅचला, म्हणून ते टिकलं. नर्सिंगमधलं नेतृत्व म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

वेळेचं म्हणाल तर वेगळा क्लास नकोच. मॉर्निंगचा ओव्हर झाला की दहा मिनिटं, रोज एकच गोष्ट. आज इमर्जन्सी ट्रे उघडा आणि मुलींनाच अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन शोधायला लावा, उद्या अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) जोडायला लावा. काम सोपवताना पहिल्यांदा तुम्ही करा तिला बघू दे, मग तिला करू दे तुम्ही शेजारी उभ्या राहा, मग तुम्ही काउंटरवर बसा, आणि हळू झालं तरी हातातून ओढून घेऊ नका. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या तयारीच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवशिकी ते एक्स्पर्ट, आणि स्वतःचं स्वतः नीट प्लॅन करता यायला साधारण दोन-तीन वर्षं त्याच प्रकारच्या कामात जातात असं त्यांनी दाखवलं. तुमच्या मुली अजून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहेत, त्यांना "डोकं वापर" म्हणून उपयोग नाही, त्यांना नेमकं सांगावं लागतं की बीपी वरचं ९० च्या खाली गेलं की थांबू नको, मला हाक मार.

बॅचमेटना हुकूम देऊन चालणार नाही. एकीचा हात लहान बाळांची लाइन (शिरेत सलाइनची सुई) घ्यायला चांगला असेल तर सगळ्यांसमोर ती जबाबदारी तिला द्या, शिकवायचं पण तिनेच. आणि कमी स्टाफ ही तुमची चूक नाही, रोजची पेशंटसंख्या आणि हजर नर्सेस लिहून दर आठवड्याला अधिसेविकांना (मॅट्रनना) द्या, स्वतः डबल ड्युटी करून ते झाकू नका.

प्रश्न : मी लातूरकडचा, ब्रदर (पुरुष नर्स) म्हणून सहा वर्षं झाली. पद काही नाही. लीडर म्हणजे इन्चार्जच ना, आपण काय करणार?

दादा, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे स्टाफ नर्स म्हणून ड्युटीवर होत्या. अतिरेकी आत शिरल्यावर त्यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद केले, २० गरोदर बायकांना पँट्रीत नेलं, आणि त्यातल्याच एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आधाराने एकेक पायरी करत लेबर रूमपर्यंत पोचवलं. मॅट्रनच्या ऑर्डरची वाट बघायला वेळच कुठे होता! डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर सांगितलं.

रोज असं काही घडत नाही, पण नाईटला तुम्ही आणि एक नवीन मुलगी असे दोघंच असता ना, तिथे तिची सिनियर तुम्हीच. सुरुवातीलाच राऊंड घेऊन कोणता पेशंट बिघडू शकतो आणि बिघडला तर कोण काय करणार, कॉम्प्रेशन (छाती दाबणं) कोण, औषध कोण, ते ठरवून टाका. आणि तिची पहिली डेथ असेल तर बॉडीचं सगळं करायला तिला एकटीला वॉर्डबॉय मामांबरोबर पाठवू नका, स्वतः थांबा, नंतर चहा पिताना तिच्याकडून काय झालं ते बोलून घ्या, तिने सगळं बरोबर केलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मुली बोलत नाहीत, पण "माझ्यामुळेच गेला का" हे त्यांच्या डोक्यात असतं, आणि त्याचं उत्तर घरचे देऊ शकत नाहीत, तिथे हजर असलेला माणूसच देऊ शकतो.