चार कुंड्यांच्या गॅलरीतून सर्जनशीलता वाढते का?

तुमचा प्रश्न असा आहे की बागकामाने सर्जनशीलता वाढते, माणसाला स्वतःची ओळख होते असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ज्याच्याकडे जेमतेम चार कुंड्या मावतील एवढी गॅलरी आहे, दिवसभर हिशेबाचं काम आहे आणि कलेशी काही संबंध नाही, त्याच्या पदरात यातलं काय पडणार?

पुष्कळ पडतं. मात्र रोपवाटिकेतून फुलांनी लगडलेली कुंडी आणून कठड्यावर ठेवली तर नाही. त्याचाही आनंद असतोच, पण तुम्ही विचारताय ती गोष्ट झाड अडतं तिथून पुढे सुरू होते. ते का अडलंय हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं.

आमच्या शेवंतीचं सांगते. एकाच रोपाची कटिंग्ज लावून दोन कुंड्या केल्या होत्या. माती तीच, पाणी तेच, शेंडे एकाच वेळी खुडलेले. दिवाळी उलटली तरी एक कुंडी कळ्यांनी गच्च आणि दुसरी नुसतीच हिरवीगार. दिवसा कितीही निरखलं तरी दोघींत काही फरक सापडेना. तो सापडला रात्री, दिवे मालवून गॅलरीत बसले होते तेव्हा. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड न फुललेल्या कुंडीवर थेट पडत होता आणि दुसरी भिंतीच्या आड होती. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधाराची रात्र लागते. रात्रभर उजेड असेल तर तिच्या लेखी थंडीचे दिवस आलेलेच नसतात. दिवस किती मोठा, रात्र किती मोठी यावर झाडाचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून १९२० मध्ये मांडलं. शेवंतीचे मोठे उत्पादक पॉलिहाउसमध्ये दिवे लावून किंवा काळं कापड ओढून हव्या त्या हंगामात फुलं काढतात, तेही याच आधारावर. मी संध्याकाळी त्या कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायला लागले, सकाळी काढायचं. काही आठवड्यांत कळ्या दिसायला लागल्या.

मला विचाराल तर सर्जनशीलता ती हीच. दोन गोष्टींतला फरक पकडायचा, त्यावरून अंदाज बांधायचा आणि घरात पडलेल्या खोक्याने तो तपासून बघायचा. यासाठी कलाकार असावं लागत नाही. गणिताचे प्राध्यापक असलेले कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच विश्वासावर. प्रत्येकाने आपल्या जागेत प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि जे कळलं ते दुसऱ्याला सांगावं. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी हे करून दाखवलं. प्रयोगशाळेची वाट न बघता आपल्याच वेलींवर शिकणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात. हिशेबाचं काम करणाऱ्याला तर हे चांगलंच जमेल, कारण न जुळणारा आकडा शोधायची नजर तुमच्याकडे आधीच आहे.

दुसरी गोष्ट वहीची. झाडाचे फोटो काढू नका, निदान सुरुवातीला तरी. चित्र काढा, वेडंवाकडं चालेल. दोडक्याचा तणावा काढायला बसले तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की त्याचे वेढे एकाच दिशेने जात नाहीत. तारेला धरलेल्या टोकाकडून काही वेढे एका बाजूने येतात, मध्ये एक लहानसा जवळजवळ सरळ तुकडा येतो आणि तिथून पुढचे वेढे उलट्या बाजूने फिरतात. एक टोक वेलीला, दुसरं तारेला पक्कं असल्यामुळे एका बाजूला पडलेला पीळ दुसऱ्या बाजूने भरून काढल्याशिवाय त्याला वळताच येत नाही. दोडक्याचा वेल लहानपणापासून बघत आले होते, पण हे दिसलं ते पेन्सिल हातात घेतल्यावर. पुढे तेच वळण उशीच्या अभ्र्यावरच्या भरतकामात आलं, मधल्या सरळ तुकड्यासकट. त्याआधी मी नक्षी पुस्तकातून उतरवून घ्यायची.

आता स्वतःची ओळख. हा शब्द फार मोठा करून वापरतात, प्रत्यक्षात ती अगदी बारीकसारीक प्रसंगांत होते. मुळ्याचं बी पेरलं की रोपं दाट उगवतात आणि विरळणी करावीच लागते, नाहीतर एकही मुळा धड पोसत नाही. चांगलं तरारलेलं रोप उपटताना हात थांबतो. का थांबतो, हे ज्याचं त्याने बघावं. मला त्यातून कळलं की कुठल्याही गोष्टीला ‘नको’ म्हणणं मला जड जातं. रोपं उपटता उपटता ते थोडं सोपं झालं.

कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. लहान झाड असेल तर बघता बघता फांद्या बोडक्या करतात. मी काढून टाकायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं, तिला दुसरं काय खाता येणार आहे?” त्यांच्या तोंडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे आता दोन कढीपत्ते आहेत, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. बाग आपल्याबरोबर घरातल्या माणसांचीही ओळख करून देते, ती अशी.

सुरुवात करताना खूप काही विकत आणू नका. स्वयंपाकघरातली मेथी पेरा, धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरा, शेजारच्या गोकर्णाची वाळलेली शेंग मागून घ्या. कुंडीत नुसती माती भरू नका. ती जड होते आणि पाणी धरून बसते. तिच्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत मिसळा. आणि प्रत्येक झाड दोन कुंड्यांत लावा, दोन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवून. एकीला सकाळचं ऊन, दुसरीला दुपारचं. किंवा एकीचा शेंडा खुडलेला, दुसरीचा तसाच. शेंडा खुडला की तिथे तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक बंद होतं आणि खालचे दबलेले डोळे फुटायला लागतात. हे वाचून समजतं खरं, पण शेजारशेजारच्या दोन कुंड्यांत घडताना बघण्यात वेगळीच मजा आहे.

तुमची गॅलरी कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती तास येतं ते प्रतिक्रियेत लिहा. उत्तरेची असेल तर फुलझाडांच्या मागे न लागता पुदिना आणि अळूपासून सुरुवात करा.