अलिबागहून इमॅजिकाला निघताय?

पहिल्यांदाच जाताय, तर आठवड्यातला मधला वार धरा. दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार नकोच! पेणवरून खोपोलीचा रस्ता धरून गेट उघडायच्या आधी पोचा. इमॅजिकाचं थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायचा हट्ट करू नका, दोन्हीकडे अर्धंमुर्धंच होतं.

आत शिरल्यावर लोक समोर दिसेल त्या राइडला रांग लावतात. तुम्ही थेट नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर गाठा. पण त्याआधी घरीच पोरांची उंची मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते. तासभर रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलं, की धाकटा भोकाड पसरतो आणि मग आइस्क्रीमनेही भागत नाही. आई-बाबांनी मोठ्या राइडवर आळीपाळीने बसायचं, तोवर दुसऱ्याने धाकट्याला लहान राइडवर न्यायचं. राजासॉरस राइडमध्ये भिजायला होतं. जादा कपडे हवेतच. ऐन उन्हात सलीमगढसारख्या छपराखालच्या राइड घ्या. आजी सोबत असतील तर त्यांना प्रत्येक रांगेत उभं करू नका, सावलीतलं बाकडं बघून द्या.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. घावणे-चटणी गाडीतच संपवा. परतताना वडखळला अडकणार हे धरून थोडा खाऊ मागे ठेवा.