क्रूझ कोचीला दहा तास थांबते, त्यात काय काय बघता येईल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि गुडघ्याचा त्रास असलेले सासरे असे पाच जण सांगलीच्या विश्रामबागेतून निघणार. मुंबईहून क्रूझ, आणि जहाज कोचीला सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार. तुमच्या यादीत फोर्ट कोची, मट्टनचेरी, अलेप्पीची हाऊसबोट, अथिरापल्लीचा धबधबा, एर्नाकुलमचा मरीन ड्राइव्ह, वॉटर मेट्रो आणि कथकली एवढं आहे. जहाजाची टूर घ्यायची की आपलं आपण फिरायचं, हेही विचारलंय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. स्पायसेस बोर्डाचं मुख्य कार्यालय कोचीलाच आहे, त्यामुळे कामासाठी तिथे बऱ्याच वर्षांपासून जाणं-येणं आहे. क्रूझने मात्र एकदाच गेलो, आईला घेऊन. त्या दिवशी जे चुकलं ते तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचं बघू. ८ ते ६ म्हणजे दहा तास, हा हिशोब मनातून काढून टाका. जहाज आठला धक्क्याला लागतं, पण उतरायला रांग असते, आणि जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात. फाटकाबाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात. परत येताना सहाची वेळ ही जहाज सुटण्याची असते. प्रवाशांनी आत असण्याची वेळ त्याच्या बरीच आधी असते, साधारण तासभर धरा. नेमकी वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर छापलेली असते. म्हणजे पाचला आत, आणि सोबत वयस्कर माणसं असल्यामुळे चारला फाटकावर. उरले सात तास. त्यात जेवण आणि जाणं-येणं वजा करा.

आता नकाशा. कोचीचे तीन तुकडे डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला एर्नाकुलम, म्हणजे नवं शहर. मध्ये विलिंग्डन बेट, जिथे तुमचं जहाज लागणार. हे बेट बंदरासाठी गाळ उपसून त्याच्या भरावावर तयार केलेलं आहे. आणि पश्चिमेला मट्टनचेरी व फोर्ट कोची, म्हणजे जुनं शहर. बेटावरून जुन्या शहरात तोप्पुंपडीच्या पुलावरून जावं लागतं. अंतर फार नाही, पण दुपारनंतर त्या पुलावर गाड्या अडकतात. अलेप्पी कोचीपासून पन्नास किलोमीटरच्या वर आहे, अथिरापल्ली सत्तरच्या आसपास, तेही विरुद्ध दिशेला. दोन्ही खोडून टाका. धबधब्याला जाऊन याल तर दिवसभर गाडीतच बसाल. कथकलीचे प्रयोग संध्याकाळचे असतात, तेव्हा तुम्ही जहाजावर असाल. वॉटर मेट्रो मुलीला नक्की आवडली असती, पण ती फोर्ट कोचीहून एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्याला नेते. तिथून परत बेटावर यायला वेगळा वेळ जाईल. कोचीला मुक्काम करायला याल तेव्हा बसा.

म्हणजे फक्त पश्चिमेचं जुनं शहर, एवढंच करा. मन लावून बघितलं तर तेही एका दिवसात पुरं होत नाही.

माझी चूक वाराची होती. आम्ही उतरलो तो शुक्रवार होता. आई तेव्हा बाहत्तर वर्षांची. मट्टनचेरीच्या राजवाड्यात भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय हे तिला मी घरापासून सांगत आलो होतो. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, हे मी तपासलंच नव्हतं. दाराला कुलूप. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "असू दे रे, देवाच्या मनात नसेल." मला ते फार लागलं. तेवढ्यात रिक्षावाला 'पाचच मिनिटं' म्हणून एका शोरूमला घेऊन गेला आणि तिथे पाऊण तास गेला. परतताना पुलावर चाळीस मिनिटं अडकलो. जहाजावर चढलो तेव्हा शिडी काढायची तयारी सुरू झाली होती आणि आईचा हात माझ्या हातात थरथरत होता.

म्हणून सगळ्यात आधी तिकिटावरची तारीख आणि वार बघा. शुक्रवारी राजवाडा बंद. शनिवारी परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद, कारण तो ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारचाही भरवसा धरू नका. ज्यूंच्या सणांनाही तो बंद असतो. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी थांबत. कोचीला त्या दाराशी उभं राहिलं की ते नाव आठवतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. रविवार ते गुरुवार यातला कुठलाही वार तुमच्यासाठी चांगला.

क्रम असा ठेवा: आधी मट्टनचेरी, मग जेवण, शेवटी फोर्ट कोची. बरेच जण उलटं करतात. पण सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद ठेवतात, आणि राजवाडा त्याच्या अगदी शेजारी आहे. दोन्ही सकाळी उरकले की दुपारी घड्याळाकडे बघावं लागत नाही. तरी आदल्या रात्री वेळा एकदा फोन करून विचारून घ्या.

राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. १६६३ मध्ये डच आले, त्यांनी डागडुजी केली, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. वर जाणारा जिना चढा आहे. सासऱ्यांना घाई न करता, कठडा धरून चढू दे. बघण्यासारखं बहुतेक सगळं वरच आहे, त्यामुळे एकदा चढले की भागलं. पुढच्या वर्षी मी आईला रेल्वेने पुन्हा नेलं, मुद्दाम मंगळवार धरून. राजाच्या शयनगृहातल्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून राम अयोध्येला परतेपर्यंतची कथा आहे. गेरूचा लाल, हळदीसारखा पिवळा, गडद हिरवा. चेहरे भरदार, डोळे मोठे, आणि माणसं इतकी दाटीवाटीने की भिंतीवर रिकामी जागा शोधावी लागते. खाली नावांच्या पाट्या शोधायची आईला गरजच पडली नाही. एकेका आकृतीजवळ जाऊन ती सांगत होती, ही कौसल्या, हा पायस घेऊन आलेला यज्ञपुरुष. तिथली शाळेची चार पोरं तिच्याभोवती जमली. त्यांना मराठी येत नव्हतं आणि हिला मल्याळम, पण गोष्ट दोघांनाही पाठ होती. आम्ही गेलो तेव्हा आत फोटो काढू देत नव्हते, आणि मला वाटतं ते बरंच होतं. मुलीला पायाखालची जमीन दाखवायला विसरू नका. काळ्या संगमरवरासारखी चकाकते, पण ती नारळाच्या जळक्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र घोटून केलेली आहे.

सिनेगॉग १५६८ चं. चपला बाहेर. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. मुलीला दोन सारख्या फरशा शोधायला सांगा, तोवर सासूबाई बाकावर निवांत बसतील. इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली, पण गल्लीचं नाव ज्यू टाऊन तसंच राहिलंय.

त्या गल्लीत मी स्वतः सगळ्यात जास्त रमतो. सुंठ आणि मिरीचा वास भिंतींत मुरलाय. देशातला मिरीचा वायदेबाजार एकेकाळी ह्याच गल्लीत चालायचा. जुन्या वखारीच्या दारात उभं राहिलं की मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, आठवतात. माल जमिनीत ठेवायचा की वखारीत, हे प्रत्येक गावाच्या मातीवर आणि पाण्यावर ठरतं. आणि पाण्याचं म्हणाल तर हे शहरच पुराने घडवलंय. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड खुलं झालं. २००५ च्या पुरात आपली हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका पुराने एक बाजार बुडतो आणि दुसरा उभा राहतो, हे सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सासऱ्यांना हे सांगा, त्यांना तिथे उभं राहायला वेगळीच गोडी येईल.

मिरी घ्यायची तर इथे घ्या, पण थोडी. दाणा जड, गडद आणि सुरकुतलेला हवा. शंका आली तर चार दाणे पाण्यात टाका. भरलेली मिरी तळाला जाते, पपईच्या बिया तरंगतात. हळद मात्र घेऊ नका, सांगलीकराने कोचीहून हळद आणणं मला पटत नाही.

जेवणाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण सासू-सासरे शाकाहारी असतील तर मट्टनचेरीतच गुजराती रोड आहे. पिढ्यानपिढ्या राहिलेले गुजराती व्यापारी तिथे आहेत, त्यामुळे चपाती-भाजीचं जेवण मिळतं. केरळी जेवण खोबरेल तेलातलं असतं. आपल्या शेंगतेलाच्या जिभेला पहिल्या घासाला ते वेगळं लागतं, आणि उन्हातून आलेल्या वयस्कर पोटाला कधी कधी मानवत नाही. तुम्ही दोघं जरूर खा.

जवळच चेरलाई भागात कोकणी लोकांची वस्ती आणि त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेले हे गौड सारस्वत. त्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडलं की निम्मं आपल्याला कळतं. केरळात चालता चालता ओळखीचे शब्द ऐकू येतात तेव्हा फार बरं वाटतं. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हॅन रीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं काम आहे. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचं निवेदन देवनागरी अक्षरांत आहे. देवळात जायला वेळ मिळाला नाही तरी गाडी त्या बाजूने घ्यायला सांगा.

फोर्ट कोचीत दुपारी दोनच्या सुमारास पोचलात तर ऊन असेल, पण मोठ्या झाडांची सावली आहे. तिथे दोनच गोष्टी करा. सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ चं, युरोपियनांनी भारतात बांधलेलं पहिलं चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याचा दगड कठड्यामागे अजून आहे. इतिहासाच्या पुस्तकातलं नाव पायाशी दगडावर दिसलं की मुलं एकदम गप्प होतात. वर बघा, दोरीने ओढायचे कापडी पंखे लटकलेत. मग किनाऱ्यावर चिनी जाळी. लाकडी दांड्याच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड, आणि चार-सहा माणसं मिळून तो तोल वर-खाली करतात. ओढायला बोलावतात, नंतर पैसे मागतात. आधी ठरवून मुलीला एकदा ओढू द्या. सव्वातीनला तिथून निघा. मग कुणी काहीही दाखवतो म्हणालं तरी थांबू नका.

टूर की स्वतः? जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. आपण एकटे गेलो तर कुणासाठी थांबत नाही. तरीही तुम्ही स्वतःच जा असं मी म्हणेन, कारण सासऱ्यांच्या गुडघ्याला चाळीस जणांच्या घोळक्याची चाल झेपणार नाही. पाच जणांना एक गाडी दिवसभरासाठी ठरवा. भाडं, परतीची वेळ आणि 'शोरूम नको' हे तिन्ही निघण्याआधी बोलून घ्या. जहाजाचं कार्ड आणि आधार प्रत्येकाच्या खिशात हवं, फाटकावर बघतात. छापील कागदावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

मुंबईचं थोडक्यात. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोचवते आणि बॅलार्ड पिअर तिथून जवळ आहे, त्यामुळे जमतं. पण वयस्कर माणसं आहेत म्हणून मी तरी आदल्या रात्रीची गाडी धरून एक दिवस आधी पोचेन आणि त्या दिवशी कुठेही न फिरता झोप काढेन.

आणखी एक. जहाज समुद्रातून बंदरात शिरतं तेव्हा फोर्ट कोची उजव्या हाताला येतं, संध्याकाळी निघताना डाव्या. चिनी जाळ्यांची रांग पाण्यावरून जशी दिसते तशी किनाऱ्यावरून दिसत नाही. पाचला आत गेलात की चहा घेऊन वरच्या डेकवर डाव्या कठड्याला जा, आणि सासऱ्यांसाठी एक खुर्ची तेव्हाच धरून ठेवा. सहाला तिथे गर्दी होते.