दोन महिन्यांच्या पिल्लाला शिस्त लावण्यासाठी मारणे आवश्यक असते का?

तुम्ही लिहिले आहे की नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोन महिन्यांचे पिल्लू आणले आहे, ते घरभर शू करते, हातापायांना चावते, आणि दोन फटके दिल्याखेरीज कुत्रे वळणावर येत नाही असे तुमच्या सासऱ्यांचे ठाम मत आहे. तेव्हा शिस्त कधीपासून आणि कशी लावावी? पिल्लू घरात आले त्या दिवसापासून लावावी आणि फटका एकही देऊ नये, एवढे उत्तर खरे तर पुरेसे आहे. परंतु तुमच्या सासऱ्यांचे हे वाक्य मी माझ्या थोरल्या बंधूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आमचे दादा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. मळ्यावर कुत्री आमच्या आजोबांच्या काळापासून आहेत. ती दिवसा पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेली असतात आणि रात्री मोकळी सोडली जातात. आमची ठमी त्यांपैकीच एका कुत्रीची मुलगी. रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. श्रावणात मळ्यावर गेलो असताना पत्नीने तिला उचलून मांडीवर घेतले, तेव्हाच ती नाशिकला येणार हे ठरले होते. तरी आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत आम्ही तिला आईपासून तोडले नाही. त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीला केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनी मनाई आहे. त्यामागचे कारणही साधे आहे. किती जोरात चावले म्हणजे समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून याच काळात शिकते.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती लवकरच रुळली. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तिला गॅलरीच्या एका ठरावीक कोपऱ्यात नेऊन उभे करायचे, तिथे शू झाली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा, एवढाच आमचा कार्यक्रम होता. घरात चुका होत होत्या, पण त्या कमी होत चालल्या होत्या. अशातच दादा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे राहायला आले.

एका सकाळी ते काळा चष्मा लावून दिवाणावर बसले होते. ठमी झोपेतून उठली, जमीन हुंगत तिने स्वतःभोवती गिरकी घेतली आणि दिवाणाशेजारच्या पायपुसण्यावर बसली. कुत्र्याचे पिल्लू पाळलेल्या कोणालाही ही गिरकी पाहून पुढे काय होणार ते कळते, आणि तेवढ्या वेळात त्याला उचलून नेताही येते. दादांनी मात्र ती उरकेपर्यंत वाट पाहिली, मग तिची मानगूट धरून नाक त्या ओल्या पायपुसण्यावर घासले आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून पाठीत दोन ठेवून दिल्या. डोळ्यामुळे त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, म्हणून त्याचा हा उपयोग त्यांना सुचला असावा. माझी पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली ती "दादा, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" असे ओरडतच. त्या गडबडीत ठमी दिवाणाखाली दिसेनाशी झाली आणि दादांनी जाहीर केले, "आता बघ, जन्मात पुन्हा घरात मुतायची नाही."

दादांचे भाकीत निम्मे खरे ठरले. त्यानंतर ठमीने आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांदेखत शू केली नाही. तिने ती दिवाणाखाली केली, वॉशिंग मशीनच्या मागे केली, पडद्याच्या आड केली. गॅलरीत नेले की शेपूट पोटाशी घेऊन ती नुसती उभी राहायची आणि आत आणून आपण पाठ वळवली की कुठेतरी ओले सापडायचे. पुढे लसी पूर्ण होऊन आम्ही तिला खाली न्यायला लागलो, तेव्हाही आपल्या हातात पट्टा असेपर्यंत ती रोखून धरायची आणि घरात शिरताच आडोसा शोधायची. हे का होते, ते समजून घेण्यासाठी पदवी लागत नाही. घर कोणते आणि बाहेर कोणते, हा भेद दोन महिन्यांच्या जिवाला ठाऊक नसतो. मार बसला त्या वेळी समोर माणूस होता, एवढे त्याला नेमके कळते आणि माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे हा धडा ते पक्का गिरवते. तो मोडायला आम्हाला फार वेळ लागला. पट्ट्याऐवजी लांब सुती दोरी बांधायची, आपण तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे, तिने उरकले की मागे वळूनही न पाहता तुकडा तिच्या पुढ्यात टाकायचा, असे दिवसेंदिवस करावे लागले.

"तिला चूक कळली होती, तोंडच सांगत होते," हा दादांचा त्यावरचा युक्तिवाद. कान मागे, नजर खाली, अंग चोरलेले, असे ते तोंड तुम्हीही पाहिले असेल. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकी हीच गोष्ट तपासली होती. मालक रागावला की कुत्रे तसे तोंड करी, मग त्याने आगळीक केलेली असो वा नसो. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो भाव अधिक दिसला. म्हणजे ती अपराधाची कबुली नसते, समोरच्या रागाची भीती असते.

दादांचा दुसरा मुद्दा असा की मळ्यावरच्या कुत्र्यांनी आजवर घरात कधी घाण केलेली नाही. हे खरे आहे, कारण मळ्यावरची कुत्री आजवर घरात कधी आलेलीच नाहीत.

तिसरा मुद्दा माझ्या पुतण्याने मोबाइलवर दाखवला: कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा घरातला म्होरक्या कोण ते पिल्लाला दाखवून द्यावे. या कल्पनेचा उगम प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या निरीक्षणांत आहे आणि ती निरीक्षणे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. 1970 मध्ये लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या लेखनातून ती सर्वदूर पोहोचली. परंतु त्याच मेक यांनी पुढे कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा माग काढला आणि 1999 मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. ज्याने मत पसरवले त्यानेच ते मागे घेतले. आमच्या पुतण्याच्या मोबाइलपर्यंत मात्र ही माघार अजून पोहोचलेली नाही.

आता तुमच्या घराकडे वळतो. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा साधारण दोन तास शू रोखून धरू शकते आणि महिन्यागणिक तासभर वाढते, असा ढोबळ हिशेब धरावा. रात्री एकदा तरी उठावेच लागेल. घरात झालेली शू फिनाइलने पुसून भागत नाही. आपल्याला वास नाहीसा झाला असे वाटते, पिल्लाच्या नाकाला मात्र तो येतच राहतो आणि ते पुन्हा त्याच जागी येते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमयुक्त क्लीनर मिळतो, तो वापरा.

लसींचा क्रम डॉक्टर सांगतीलच. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, असे तो सामान्यतः असतो. तोवर पिल्लाला सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावर जमिनीवर सोडू नका, कारण पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो आणि त्यालाही साधे फिनाइल पुरत नाही. परंतु त्याच वेळी हेही खरे आहे की नव्या आवाजांची, माणसांची आणि वाहनांची सवय जडण्याचा सर्वांत चांगला काळ बारा ते चौदा आठवड्यांच्या आसपास संपतो. म्हणजे लसी पूर्ण होण्याची वाट पाहत पिल्लाला घरात कोंडले तर तो काळ हातचा जातो. यावर उपाय म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन हिंडवणे. जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर उभे राहावे, भाजीवाल्यांच्या गाड्या दाखवाव्यात, रिक्षात बसवून एक फेरी मारून आणावी.

ठमी आली तेव्हा गणपतीपूर्वीचा ढोलपथकांचा सराव जोरात होता आणि नाशिक ढोल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी पहिला ठोका पडला की ती थरथरू लागे. आम्ही गॅलरीची दारे लावून तिला सर्वांत आतल्या खोलीत नेत असू, जिथे आवाज जेमतेम ऐकू येई, आणि ढोल वाजत असेपर्यंत पनीरचे बारीक तुकडे देत असू. ढोल थांबला की पनीरही थांबे. ती निवांत खाऊ लागली की दुसऱ्या दिवशी एक दार उघडायचे. विसर्जनाच्या सुमारास ती गॅलरीच्या कठड्याशी बसून ढोल सुरू होण्याची वाट पाहू लागली होती. कुत्र्याने खाणे नाकारले तर आवाज अजून फार जवळ आहे असे समजावे आणि मागे यावे. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हीच रीत.

चावण्याची चिंता करू नका. दुधाचे अठ्ठावीस दात पडून कायमचे बेचाळीस येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवत राहतात. दात लागला की खेळ त्याच क्षणी थांबवा, उठून जा आणि परत येताना चघळायला गारेगार गाजर द्या. हात झटकणे किंवा तोंड आवळून धरणे हे त्याला खेळाचेच पुढचे पाऊल वाटते.

एक गोष्ट मात्र नाशिककरांना विशेष सांगावी लागते, कारण आपल्या घरांत हंगामात द्राक्षांचे क्रेट आणि कांद्याच्या गोणी पडलेल्या असतात. द्राक्षे, मनुके आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी 2021 मध्ये मांडले. त्याचे प्रमाण वाणानुसार आणि पिकण्यानुसार बदलते, त्यामुळे किती मणी चालतील याचा हिशेब कोणालाच देता येत नाही. "आमची कुत्री बागेत पडलेले मणी खातात, त्यांना काय झाले?" असे दादा विचारतात. सगळ्यांना होत नाही हे मान्य आहे. तुमच्या पिल्लाला होईल की नाही हे खायला घालून पाहण्याची गोष्ट नव्हे. कांदा आणि लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उरलेल्या रश्श्यात पोळी कुस्करून घालण्याची आपली पद्धत बंद करा.

मी पशुवैद्य नाही, अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा काही गोष्टी डॉक्टरांवर सोपवा. नीट शिकलेले पिल्लू अचानक सारखे थेंब-थेंब शू करू लागले तर तो बहुधा आजार असतो, बेशिस्त नव्हे. उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आणि चावण्याची चिंता करू नका असे मी वर लिहिले असले, तरी दात किंवा नख लागून कातडी फुटली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू लहान आहे, घरातले आहे, म्हणून रेबीजच्या बाबतीत सूट मिळत नाही. दादांविषयीही एक सांगितले पाहिजे: मळ्यावर आधी कुत्र्यांची भाकरी पडते, मग ते स्वतः जेवायला बसतात. माणूस दुष्ट नाही, मत चुकीचे आहे.

तुमच्या सासऱ्यांशी वाद घालू नका. मी इतकी वर्षे घातला, काही उपयोग झाला नाही. त्याऐवजी सकाळी पिल्लाला गॅलरीत नेण्याचे आणि शू झाल्यावर तुकडा देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा, तुकड्यांची डबी त्यांच्या हातात द्या आणि हे त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही असे चारचौघांत म्हणा. हे केल्यावरही त्यांचा हात वर्तमानपत्राकडे जात असेल, तर पिल्लाला आणि त्यांना एका खोलीत ठेवू नका.